खारवाडीच्या बंधाऱ्यावरचा समाधानी ग्रामस्थ

जबाब, ता. १४/०७/२०२५

नाव मोहियुद्दीन इब्राहिम परकार, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (काँक्रीट फोरमन), मूळ राहणार खारवाडी, जि. रत्नागिरी, सध्या राहणार कामगार कॅम्प, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी, सौदी अरेबिया.

व्हिडिओ कॉलवर हवालदार राजाभाऊ साळवी यांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी इथे सोळा वर्षे नोकरीस आहे. माझी धाकटी बहीण इस्मत गावी समुद्राकाठी राहते. उधाणाला पाणी तिच्या चुलीपर्यंत येते. त्यासाठी सरकारने तिथे बंधारा मंजूर करून काम ठेकेदार धोंडीराम खेराडे यांना दिले. इस्मतने खेराडे यांच्याविरुद्ध दिलेल्या फिर्यादीत मी साक्षीदार आहे.

फेब्रुवारीत इथल्या किनाऱ्यावर आम्ही एक भिंत पुरी केली. काम माझ्या हाताखालचे होते व मला त्याचा अभिमान आहे. भिंतीवर हात ठेवून मी फोटो काढून घेतला आणि 'भिंत असावी तर अशी' असे लिहून गावच्या ग्रुपवर टाकला. मागे अरबी पाटी दिसत होती.

तासाभरात खेराडे यांचा फोन आला. "मोहियुद्दीनभाई, हाताला सोनं आहे हो तुमच्या! इंजिनिअर साहेबांना दाखवतो. जरा साफ फोटो पाठवा, अन् ती पाटी तेवढी नको." मी हरभऱ्याच्या झाडावर चटकन चढणारा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी पाटी टाळून फोटो काढून घेतला व पाठवला. पाटी का नको, हे विचारले नाही.

इथे उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उन्हातले काम बंद असते. ता. ८ जुलै रोजी त्या वेळेत मी व माझ्या खोलीतला मुरूडचा शाहिद मोबाइलवर विधानसभा पाहत होतो, कारण आमच्या आमदारांनी बंधाऱ्याचा प्रश्न लावला होता. आमदारांनी विचारले, बंधारा आहे कुठे? मंत्रिमहोदय म्हणाले, काम पूर्ण झाले असून ग्रामस्थ समाधानी आहेत. मग त्यांनी फोटो उंच धरला.

शाहिद ओरडला, "अरे, हा तर तूच!"

फोटोत मीच होतो. सोळा वर्षांत मला कोणी समाधानी म्हटले नव्हते. शेजारचा दुसरा ग्रामस्थ म्हणजे आमचा फिलिपिनो सुतार रोमेल. तो समाधानी आहे की कसे, हे त्याला विचारून कळवीन.

मी लगेच आमदारांना पाटी असलेला पहिला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी सभागृहात गदारोळ झाला. मंत्री म्हणाले, अधिकाऱ्यांनी माहिती दिली. अधिकारी पेपरात म्हणाले, ठेकेदाराने अहवाल दिला. खेराडे म्हणाले, कॉम्प्युटरवाल्या बाईंनी चुकीचा फोटो जोडला. त्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्याचे समजते.

शुक्रवारच्या उधाणात इस्मतच्या घरात पाणी शिरले, तांदूळ भिजले. तिचा फोन आला, "भाई, तुझी भिंत मुंबयला पोचली, माझ्या दारात कधी पोचायची?" मला फार लाज वाटली.

तरी लिहून घ्यावे की, पाटी टाळून फोटो मी काढून घेतला, मी पाठवला, चूक माझी आहे. इतकी माणसे बोलली, पण हे वाक्य अजून कोणी बोललेले नाही.

यावर हवालदारसाहेब म्हणाले, "परकार, असं लिहिलं तर उद्या तुम्हालाही आरोपी करतील. पासपोर्ट अडकेल, नोकरी जाईल. साक्षीदार आहात, तेवढेच राहा की." मी म्हणालो, लिहा.

जबाब मला कॉलवर मराठीतून सावकाश वाचून दाखवला, तो मी पूर्ण ऐकला. 'चूक माझी आहे' या वाक्याला साहेब थांबले व गाळू का, असे त्यांनी पुन्हा विचारले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, आणि तेही बरोबर आहे. ते राहू द्यावे.