वाटाणे

रक्त तपासायच्या रांगेत सगळेच उपाशीपोटी बसले होते. बसचालकाच्या पोटात कावळे ओरडत होते आणि त्यात पुढच्या बाकावरच्या दोघी शेजारणींनी नेमका डब्याचाच विषय काढला.

“मुलाच्या डब्यात रोज काय द्यायचं, या विचारानेच डोकं भणभणतं बघा, वहिनी.”

“उकडलेलं अंडं दे.”

“वास येतो म्हणे.”

“मग भात परतून दे, वाटाणे घालून.”

“तेच देते. वाटाण्यांना नाक मुरडतो. अर्धा डबा तसाच परत.”

“मग भरायचाच कमी. कशाला अन्न वाया घालवतेस?”

“वाया कुठे जातंय? त्याला शाळेतून आणलं की दुसऱ्या कामावर पळायचं. बसमध्ये मीच खाते ते.”

“आणि दुपारचं जेवण?”

“तेच की.”

“अगं बाई! आणि वर म्हणतेस, चक्कर का येते! डॉक्टरांना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं, वेळेवर जेवता ना? म्हटलं, अगदी वेळेवर. शाळा सुटली की.”

“धन्य आहेस!”

“काल वाटाणे संपले होते, म्हणून बटाटे घातले. पठ्ठ्याने डबा चाटूनपुसून साफ केला.”

“बघ! हरखली असशील.”

“हरखले ना. चांगले दोन मुके घेतले. मग बसमध्ये बसले आणि सवयीने डबा उघडला.”

“असू दे गं. पोराच्या पोटात गेलं ना? सापडलं एकदाचं त्याच्या आवडीचं.”

“हो, सापडलं.”

“मग आजही बटाटेच दिलेस ना?”

बसचालकाने मान वर केली.

“वाटाणे दिले, वहिनी.”