आबाजीच्या नाचावरचा बदाम

(आर्वीजवळ रोहणा. हॉलमध्ये टीव्हीखाली एक उघडा, जुना कॉम्प्युटर. अंकुश त्याचे स्क्रू आवळतोय. मोठी बहीण आकांक्षा सोफ्यावर. आई विमलाबाई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलताहेत.)

अंकुश: …म्हणून थो छोटा कॉम्प्युटर-बोर्ड नाई घेतला. एकट्या माणसाले ठीक हाये. आपल्या घरी एका टायमाले चार जण पाह्यतेत.

आकांक्षा: कोण चार?

अंकुश: बाबा या टीव्हीवर. काकू तिच्या टीव्हीवर. आई मोबाईलवर. तू लॅपटॉपवर.

आकांक्षा: मी काही पाहून नाई राह्यली.

अंकुश: याच्यात तुझं खातं तरी उघडून ठेवलं.

विमलाबाई: या डब्ब्यात सिनेमे राह्यतेत का रे?

अंकुश: सगळं राह्यते वं आई. सिनेमे, कीर्तनं, घरचे फोटो, शूटिंगा. डब्बा एका जागी, पाहणारे आपापल्या जागी. नेट गेलं तरी चालते.

विमलाबाई: आन् लाइन गेली त?

अंकुश: इन्व्हर्टरवर टाकला. म्हणून त कमी करंट खाणारा पाह्यला. मामाच्या पियुषच्या ऑफिसात होता, सिंदीले. त्यायनं नवे घेतले, हे भंगारात देऊन राह्यलते.

आकांक्षा: आन् तू भंगार घरी आणलं.

अंकुश: भंगार नाई ताई. याच्या प्रोसेसरमंधी व्हिडिओ बदलवाचं काम करणारा भाग येगळा हाये. काकूचा टीव्ही जुना, त्याले एच२६५ म्हंजे नव्या पद्धतीची फाइल समजत नाई. हा चालता चालता त्याले जुन्या पद्धतीची, एच२६४ करून देते. काकूले मालूमही पडत नाई.

विमलाबाई: काकूले तसंही कुठी काही मालूम पडते.

आकांक्षा: मंग सगळं आधीच २६४ मंधी काऊन नाई ठेवत?

अंकुश: जागा जवळपास दुप्पट खाते. डिस्क एकच हाये. आन् त्यात सगळ्यात मोठी फाइल तुझी हाये.

आकांक्षा: माझी कोणती?

अंकुश: लग्नाची. फोर-के.

आकांक्षा: डिलीट कर. झाली जागा.

अंकुश: बाबा नाई म्हणतेत.

आकांक्षा: बाबाचा काय संबंध?

अंकुश: रविवारी आबाजीचं वर्षश्राद्ध. सगळे येतीन. बाबा म्हणे, तुह्या हळदीत आबाजी नाचले होते थे टीव्हीवर लाव. म्हणे, माह्या बापाचं चालतं-बोलतं दुसरं काहीच नाई आपल्यापाशी.

आकांक्षा: मले नाई बोलले.

अंकुश: तुले बोलाची हिंमत नाई त्यायची. मले वावरात सांगितलं. वरून म्हणे, तूच पाह्य कसं काय थे.

विमलाबाई: मले इचारलं होतं बाई त्यायनं. म्या म्हटलं, हळदीतलं तेवढंच लावा. हळदीत जावई थोडीच… थो योगेंद्र थोडीच होता.

अंकुश: होता आई.

विमलाबाई: कसा? थो त तवा कारंज्याले, त्याच्या घरी.

अंकुश: शूटिंगवाल्यानं टाकला. आबाजी नाचून राह्यले, आन् उजव्या बाजूनं एक मोठा लाल बदाम फिरून राह्यला. बदामात योगेंद्र. गॉगल लावून.

विमलाबाई: पुऱ्या नाचात?

अंकुश: पुऱ्या. मधात एकदा बदाम फुटते. त्यातून दोन योगेंद्र निघतेत.

आकांक्षा: एक कमी पडला असन.

विमलाबाई: थो बदाम पुसून नाई टाकता येत?

अंकुश: चित्रातच गेला थो. मळलेल्या कणकीतून मीठ काढ म्हणशीन त कसं काढू? शूटिंगवाल्याले फोन केला, म्हटलं बिनबदामाचं हाये का. थो म्हणे, मेमरी कार्ड पुसून दुसऱ्या लग्नात वापरलं.

आकांक्षा: मंग नको लावू. आबाजीचा फोटो हाये नं भिंतीवर.

विमलाबाई: थो आधार कार्डाचा वाढवलेला हाये. त्यात पोलिसानं पकडून आणल्यासारखे दिसतेत.

आकांक्षा: आई, आत्या येईन, मामा येईन, काकूच्या माहेरचे येतीन. मी सासर सोडून आल्यापासून सगळे पहिल्यांदा येऊन राह्यले. त्यायच्या समोर थो बदामात गोल गोल फिरन, आन् मी ट्रे घेऊन चहा देत फिरन. मले नाई जमत. लावाचंच असन त मी रविवारी घरी नाई राह्यत. सांगून दे बाबाले.

विमलाबाई: तू काऊन जाशीन? घर तुहं हाये.

आकांक्षा: मंग टीव्हीवर थो काऊन?

अंकुश: एक मिनिट. एक करता येते. म्या ही फाइल बारीक करणार होतो, जागेसाठी. केली नाई अजून. फोर-के म्हंजे साध्या एचडीच्या चौपट चित्र. उजवीकडचं कापून फेकलं तरी उरलेलं या टीव्हीवर साफ दिसते. बदाम गेला. पाह्यलं म्या करून.

आकांक्षा: मंग हे आधी सांगाचं नं बे. काप.

अंकुश: ताई, त्यात तू बी कापल्या जाते.

आकांक्षा: मी कुठी हावो?

अंकुश: बदामाच्या मागं. आबाजी तुह्याच संग नाचून राह्यलते.

विमलाबाई: मंग नको कापू. पोरीले काऊन कापतं?

अंकुश: पुरं डिलीट नाई करत म्या. पुरी फाइल ताईच्या खात्यात ठेवतो, दुसऱ्या कोणाले दिसत नाई. टीव्हीवर कापलेलं.

आकांक्षा: दाखव कापलेलं.

अंकुश: पाह्य.

विमलाबाई: अगं बाई. पाय पाह्य कसे टाकून राह्यले. गुडघे दुखतेत म्हणून दवाखान्यात नेत होतो आपण याइले.

अंकुश: डीजेवाल्यानं गाणं बंद केलं त त्याच्यावर ओरडले होते.

आकांक्षा: मले म्हणे, तू दमली का. म्या म्हटलं हो. तरी सोडलं नाई.

विमलाबाई: हे बाजूनं काय येऊन राह्यलं? हात हाये का कोणाचा?

अंकुश: ताईचा. आबाजीनं धरून ठेवला हाये. मनगटापासून पुढचा तेवढा राह्यला. अजून कापलं त आबाजीची बोटं जातेत.

विमलाबाई: मेंदीचा हात, आन् माणूस नाई. तुह्या आत्याले सगळं इचाराची सवय हाये. भर पाहुण्यात इचारन, हात कोणाचा म्हणून.

अंकुश: मंग काय करू ताई? बोल. बाबाले सांगा लागन.

आकांक्षा: हेच लाव. आत्यानं इचारलं त तुम्ही कोणी बोलू नका. मले आतून आवाज देजो, मी येऊन सांगतो.