देवरे सरांचं थांबवलेलं खातं

नाही सर, परत तेच. मागच्या वेळी सांगितलं, फोनवर सांगितलं, आजही तेच सांगते — तुमचं खातं बँकेने थांबवलंय, एवढंच मला बोलता येतं. का थांबवलंय ते नाही सांगता येत. मॅनेजरसाहेबांकडे गेलात तर ते परत माझ्याकडेच पाठवणार — आत्ता तेच केलं ना त्यांनी? बघा. बसा हो. सटाण्याहून एसटीत उभ्याने आलात वाटतं, चेहरा किती उतरलाय. पाणी घ्या. आणि ते 'नाझिया मॅडम' म्हणू नका, मला कसंतरी होतं. नजीर टेलरची पोरगी मी. अब्बा म्हणत होते दहावी पुरे झाली, तेव्हा तुम्ही दुकानात येऊन बसलात, ते हो म्हणेपर्यंत उठला नाहीत — म्हणून मी आज नाशकात या खुर्चीवर आहे. आणि त्याच खुर्चीवरून मी तुम्हाला नाही म्हणतेय. मला काय बरं वाटतंय का?

चुकून झालं असेल म्हणताय — होतं ना, चुकून रोज होतं. हे नवीन एआय आणलंय बँकेने, काळा पैसा पकडायला. ते प्रत्येक खात्याची सवय शिकतं — पैसे कुठून येतात, किती थांबतात, कुठे जातात — आणि सवय मोडली की माझ्या स्क्रीनवर लाल ओळ. आता सवय कुणाची मोडत नाही, सांगा? द्राक्षाच्या हंगामात मजुरी वाटली — लाल. घरात लग्न निघालं — लाल. कळवणच्या मालनबाई, बचत गटाच्या बायांचे पैसे गोळा करून भरतात बिचाऱ्या — त्यांच्यावर लाल. मी दिवसभर काय करते, तर भल्या माणसांवरच्या ओळी पुसत बसते, आणि प्रत्येक पुसलेल्या ओळीचं कारण वर लिहून देते. वरचे म्हणतात, मॅडम, मशीन म्हणतंय ना, मग तुम्ही कशाला मधे? मशीन म्हणतंय. मशीनला मालनबाई ठाऊक आहेत का?

म्हणून तुमचं नाव आलं तेव्हा मी हसले, खरंच. म्हटलं, घ्या, आता देवरे सरसुद्धा. पेन्शन येते, लाइटबिल जातं, दुसरं काय असणार त्या खात्यात. पुसायलाच उघडलं मी, आणि — नाही, जाऊ द्या. ते नाही बोलायचं. ज्याच्या खात्याचा संशयाचा रिपोर्ट सरकारकडे जातो त्याला कळू द्यायचं नाही असा कायदा आहे सर. कळलं तर तो सावध होतो, पैसे हलवतो, पुरावे पुसतो. बरोबर आहे कायदा. पण कायदा करणाऱ्यांसमोर त्यांचे गणिताचे सर बसले नव्हते ना.

एक सांगाल? तुमच्या फोनमधलं बँकेचं कोण बघतं? — हर्षल. तुमचा भाचा. ओटीपीसुद्धा त्यालाच सांगता? — हं. मान हलवलीत. मला वाटलंच होतं. तसंच असणार हे मी वर लिहूनही दिलंय — म्हातारं माणूस आहे, मोबाइलचं कळत नाही, घरातल्या कुणीतरी खातं वापरलंय. भांडले मी तुमच्यासाठी. रिपोर्ट आज संध्याकाळपर्यंत थांबवून धरलाय.

आता बोललेच आहे तर ऐका. तुमच्या खात्यात अनोळखी लोकांचे पैसे येतात सर. नागपूर, इंदूर, कुठून कुठून. येतात आणि चहा थंड व्हायच्या आत पुढे जातात. ते फसवलेल्या लोकांचे पैसे आहेत. देवळाली कॅम्पची स्नेहल म्हणून एक मुलगी आहे, नवरा सैन्यात, सीमेवर. घरबसल्या काम देतो म्हणून तिला कुणीतरी गंडवलं, घरासाठी साठवलेलं सगळं गेलं. नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये तिने. ती इथे बसली होती, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर, लेकरू मांडीवर घेऊन. मला विचारत होती, मॅडम, माझे पैसे कुणाच्या खात्यात गेले? आणि मला नाव समोर दिसत होतं. तुमचं नाव. मी तिलाही म्हटलं, सांगता येत नाही. दोघांनाही तेच सांगायचं, हीच माझी नोकरी.

म्हणून म्हणते, इथून उठा आणि सरळ सायबर पोलिसांकडे जा. स्वतःहून. सांगा, फोन भाच्याकडे होता, मला यातलं काही माहीत नाही. रिपोर्ट जायच्या आधी तुम्ही पोचलात तर तुमच्याकडे फसवलेला माणूस म्हणून बघतील. हर्षलचं जे व्हायचं ते होईल, पण तुम्ही —

काय म्हणालात?

परत सांगा, सर. — मशीनला किती मागचं दिसतं?

हे विचारताय तुम्ही. हर्षलने काय केलं हे नाही विचारलंत. स्नेहलचे पैसे परत मिळतील का, हे नाही. किती मागचं दिसतं. — मी इतकी वर्षं असली खाती बघतेय सर, हा प्रश्न कोण विचारतं ते मला कळतं. म्हणजे बँकेला किती कळलंय ते बघायला येत होतात. आणि मी पाणी देत होते. हर्षलचं नाव मी पुढे केलं, तर तुम्ही मान हलवलीत. सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याला ठाऊक तरी आहे का यातलं काही? — का केलंत, एवढं तरी सांगा. पेन्शन पुरत नव्हती? कुणी भाडं देतो म्हणालं खात्याचं? नाही म्हणा ना एकदा. मी ऐकते, मशीनचं नाही ऐकणार, तुमचं ऐकते.

बरं.

सगळं दिसतं. पहिल्या दिवसापासूनचं दिसतं. आणि मला आता दोन रिपोर्ट लिहायचेत — एक तुमच्या खात्याचा, आणि दुसरा, मी इथे बसून तुम्हाला काय काय सांगितलं त्याचा. तोही मीच लिहीन, दुसरं कुणी लिहायच्या आत. या तुम्ही, सर. दार ओढून घ्या.