‘प्रूफपर्सोन’ या शब्दाबाबत

जबाब देणार : बेपत्ता इसमाची वहिनी. वय ४१ वर्षे. धंदा : डच कागदांचे इंग्रजी भाषांतर. राहणार : गोदामांमागची इमारत, वरचा मजला.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व धाकटा दीर असे राहतो. औषध प्रयोगशाळांचे डच अहवाल भाषांतर कचेरीमार्फत माझ्याकडे येतात. प्रयोगासाठी ठेवलेल्या जनावराला डचमध्ये ‘प्रूफदीर’ म्हणतात. त्यावरून घरात थट्टा चाले.

दीर वेल्डर आहे. मागच्या महिन्यात तो एका डच कंपनीच्या गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत, नवीन औषध घेऊन बघण्यासाठी, आठवडाभर राहायला गेला. जाताना म्हणाला, “वहिनी, तुमचा प्रूफदीर निघाला.” आठवडा उलटला तरी तो परत आला नाही. फोन बंद लागतो. पती चौकशीला गेले असता फाटकावरचा रखवालदार म्हणाला, “इथं माणसं ठेवत नाहीत. फक्त जनावरं.”

सोमवारी त्याच प्रयोगशाळेचा अहवाल माझ्याकडे भाषांतराला आला. त्यात ‘प्रूफपर्सोन’ असा शब्द होता. त्याचा अर्थ, प्रयोगात घेतलेला माणूस. नावे दिलेली नव्हती. एका ठिकाणी ‘पेशा वेल्डर, पायांवर उभे राहता येत नाही, घरी फोन करू द्या म्हणतो’ असे होते.

मी कचेरीच्या व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, “लिहिणाऱ्याची चूक आहे. सगळीकडे ॲनिमल करा.”

मी म्हटले, “जनावराचा पेशा वेल्डर कसा असेल?”

“बाई, उगाच फाटे फोडू नका.” मग त्यांनी विचारले, “घरी कोण कोण असतं तुमच्या?”

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुधारलेला डच अहवाल पाठवला व आधीचा पुसून टाकण्यास कळवले. मी तो पुसला नाही. नव्यात सगळीकडे ‘प्रूफदीर’ आहे. पेशा काढला आहे. ‘घरी फोन करू द्या म्हणतो’ याच्या जागी ‘आवाज करतो’ असे आहे. त्याखाली एक ओळ जास्तीची आहे : ‘आवाज थांबला.’ त्या ओळीचे भाषांतर मी केलेले नाही.

दोन्ही अहवाल हजर करीत आहे.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी एके ठिकाणी ‘मयत’ लिहिले होते, ते खोडायला लावून मी ‘बेपत्ता’ करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे.