आईच्या अभंगाची चाल

मंचरच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मोहिनी लेकीचा दुखरा कान ओढणीने झाकून नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर घसा बसलेला एक म्हातारा आणि त्याचा मुलगा तावातावाने भांडत होते.

"आप्पा, बोलू नका. आणखी बसंल घसा."

"बसू दे. उद्या तुझ्या आईचं वर्षश्राद्ध हाये. ती म्हणायची त्या अभंगाला तुझी ती वाकडी चाल लावायची न्हाई."

"वाकडी न्हाई, अवघड हाये. पुण्याला राहून शिकलोय मी."

"दहाव्याला गायलास की! बाया टाळ धरून नुसत्या तुझ्या तोंडाकडं बघत व्हत्या. तिच्या मैतरणी त्या, एकीला एक ओळ मागनं म्हणता आली न्हाई."

"ऐकायचं असतं ते! सोपं काय, पोरंटोरंबी म्हणत्यात. टिकतं ते अवघडच."

"माझी चाल तुझ्या जन्माआधीपास्नं म्हणतंय गाव."

"आन् ती तुमची हाये, हे कुणाला ठाऊक हाये का? एकाला तरी?"

"नसंना का! तुझ्या आईला व्हतं."

म्हाताऱ्याच्या फाटक्या, खरखरीत आवाजाने मोहिनीच्या मांडीवरची आरोही दचकली. तिने लेकीला छातीशी धरलं, पण तिचं लक्ष भांडणाकडेच होतं.

"मग गा तुमीच. आवाज फुटतोय का?"

"बाया म्हणतील."

"मी पेटीवर बसणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो."

"बिनपेटीचं म्हणतील. तुला म्हणायचंच आसंल, तर त्यांच्या मागनं म्हण."