बानाच्या अक्षता आणि माझी मूठ

नाय हो, नाय, बोलायला म्हणून मी हात वर केलाच नव्हता! तो आपला आपणच वर गेला! तुम्हाला सांगतो, दोन वर्षांमागं माझ्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून जांभई आली की हा उजवा हात मला न विचारता खांद्याच्या वर जातो, आणि आता ह्या पाहुण्या पुढाऱ्यांचं, तात्यासाहेबांचं भाषण… म्हणजे भाषण झकास होतं, दोष माझ्या जांभईचा… पण हा आमचा पुंजाराम, माईकवाला, लगेच ओरडला, "नवरीच्या आजोबांना दोन शब्द बोलायचेत, जोरदार टाळ्या!" अरे, कसले दोन शब्द? निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी जन्मलो मी, कळायला लागल्यापासून मेंढरांमागं, अख्ख्या जन्मात एवढी माणसं समोर घेऊन कधी बोललो नाय!

बरं, आलोच आहे तर ही मूठ बघा. हिच्यात अक्षता आहेत. सकाळी नऊपासून आहेत! आमची कारभारीण राजाबाई म्हणाली, "आयत्या वेळी मूठ उघडून कोण भरत बसंल? आत्ताच भरून ठिवा." भरली. मुहूर्त बारा पस्तीसचा. आता वाजले किती? दीड! सत्कारच चाललेत… नारळ, टोपी, टॉवेल… नारळ, टोपी, टॉवेल… आणि मूठ बसलीय आवळून. अन् हिला घाई चालत नाय, तुम्हाला सांगतो.

हिलाच कशाला, सगळ्या उजव्या अंगालाच नाय चालत! परवा क्रांती चौकात रस्ता ओलांडत होतो, मागून कुणीतरी पोंऽऽ केलं, आणि माझा पाय जागच्या जागी खांब! कसाबसा पुढं टाकला तर टाच थडथड थडथड, शिलाई मशीनवर बसल्यागत. रिक्षावाला म्हणतो, "ओ चाचा, खंबा बनके कायकू खडे? चलो ना!" आता ह्याला काय सांगू… बाबा, तू हॉर्न थांबव, खांब आपोआप चालंल! अंघोळीचं पाणी जरा गार लागलं की कोपर पोटाशी. सदऱ्यात आधी हा हात घालायचा, मंग तो शहाणा. विसरलो की मी अर्ध्या सदऱ्यात आणि राजाबाई दुसरी बाही धरून अंगणभर माझ्यामागं! आणि ही साळूबाई, माझी मेव्हणी, बसलीय बघा समोर तोंडाला पदर लावून… एकदा आली, "दाजी, असं काय करता, आणा तो हात इकडं!" म्हणून बोटं धरून जी ओढली… बोटं उघडली नायच, तिचीच दोन बोटं मुठीत अडकली! चहा तिनं डाव्या हातानं घेतला. म्हणलं, साळूबाई, हिला घाई चालत नाय.

पुंडलिकनगरात व्यायामाची डॉक्टरीण आहे. पोरगीच आहे, पण मायाळू. म्हणाली, "आजोबा, झटका द्यायचा नाही. आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठा, मग एकेक बोट, आणि तीसपर्यंत मोजत धरून राहायचं." म्हणलं, बाई, हे तर आमचं कातरणीचं काम झालं! लोकर कातरायला मेंढी धरली अन् पाय ओढला की ती ताठते; पोटाखाली हात घालून गप बसून राहिलं की आपणच सैल पडते. साठ वर्षं मेंढरांची समजूत काढली, आता स्वतःच मेंढरू झालो!

मंग सहा आठवडे सराव केला, अक्षता टाकायचा. मुठीत बाजरी, समोर कोंबड्या. राजाबाई ओरडायची, "सावधान!" आणि मी मोजायला लागायचो. तीसला चार दाणे पडायचे. आधी आधी कोंबड्या माना वर करून वाट बघायच्या, मंग त्यांनाही कळलं, "सावधान" झालं की उकिरड्यावर फिरून यायच्या, पंचविसाला हजर! सहा आठवडे त्यांचीच लग्नं लावली मी…

सगळे म्हणतात, "आबा, डाव्या हातानं टाका की, अक्षता त्या अक्षताच!" नाय. ही बाना, आजची नवरी, माझ्या आईचं नाव ठेवलंय हिला… ही चालायला शिकली ती ह्या हाताचं हे बोट धरून. हिच्यावर अक्षता ह्याच हातानं पडायच्या. दुसरं काय मागणं नाय माझं.

काय गुरुजी? "आवरा"? अहो, आवरा म्हणलं की आवळते ती! आणि तुम्ही सगळे "उघडा, उघडा" ओरडू नका… बघा, गेलं नख तळव्यात! आँ? बाना, तू पाट सोडून इकडं कुठं आलीस? काय म्हणतीस… "आबा, तुम्ही मोजा, मी थांबते"? आणि नवरदेवालाही घेऊन आलीस? घ्या! गुरुजी, अंतरपाट घेऊन इथंच या, माईकपाशी.

धर पोरी मनगट. एक… दोन… हां, खाली वाकव… अंगठा… चौदा… पंधरा… गुरुजी, चालू द्या तुमचं, आमचं चालू आहे… करंगळी राहिली… अठ्ठावीस… एकोणतीस… पडल्या! पडल्या हो! राजाबाई, बघितलं का? उजव्या हातानं! सगळ्या तिच्या डोक्यावर!

अरे बँडवाल्या, थांब, आत्ताच नको… वाजवलास ना धाडकन!

आवळली.

बाना, हलू नको. तुझी मुंडावळी आलीय मुठीत… पुंजाराम, अजून कुणाचे सत्कार राहिलेत का रे? घे करून, सावकाश. हिला काय इतक्यात सासरी जाता येत नाय.