चारशे व्होल्ट आणि दोन माणसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील संस्थेचे मान्यवर, सत्कारमूर्ती महिपतराव, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवती बयाबाई, माझे जुने सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

आधीच कबूल करते, मी निरोप द्यायला आलेली नाही. महिपतराव निवृत्त होऊन रविवारी मुलाकडे, शुभमकडे, मुंबईला कायमचे निघाले आहेत आणि त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. निरोपाच्या व्यासपीठावर हे शोभतं का? नसेलही. पण दोन वर्षांपूर्वी निवृत्त होताना मी इथेच सगळं शोभेसं बोलले आणि घरी जाऊन पस्तावले.

नव्या मुलांसाठी थोडं मागचं सांगते. अठ्ठ्याऐंशी साली मी इथे भौतिकशास्त्र शिकवत होते. महिपतराव कशेडीकडच्या वाडीवरून, गुरांमागून थेट प्रयोगशाळेत परिचर म्हणून आले. किरणोत्सार मोजायच्या नळीला चारशे व्होल्ट लागत, तेही जराही न हलणारे. आणि महाडची वीज? पलीकडची भातगिरणी सुरू झाली की आमचे दिवे माना टाकत. मग मोडक्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह जमवून आम्हीच वीजपुरवठ्याचा संच बांधायला घेतला. महिपतराव व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवून पाहत, बाजारात नारळ पाहावा तसा.

एकट्याने संचाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. हात त्यांचे, स्विच माझ्याकडे. बंद केल्यावरही आत वीज साठून राहते, म्हणून मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं. ते विचारत, "बाई, बंद?" मी काटा पाहून "बंद" म्हणे. मगच हात आत. एकदा तासाची वेळ झाली म्हणून मी घाई केली, तर म्हणाले, "बैल लाथ मारतो नि बाजूला व्हतो. ह्यो धरून ठेवतो. तुमी काट्याकडं बघा, घड्याळाकडं नको."

श्रावणात एका सकाळी गिरणी सुरू झाली. दिवे मंदावले आणि आमचा काटा चारशेवर उभा राहिला. व्होल्ट स्थिर धरणाऱ्या वायूच्या व्हॉल्व्हचा जांभळा उजेड तसाच. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. मग महिपतराव म्हणाले, "गिरणीवाल्याला बोलवू का, बाई? त्याला पन दावू."

माझ्या जागी आलेली गौतमी परवा सांगत होती, "मॅडम, आता स्विचपाशी मी असते. एरवी मला ते मॅडमच म्हणतात. पण हात घालण्याआधी विचारतात, बाई, बंद?"

माझ्या घरी खिडकीजवळ दुसरा संच दोन वर्षं अर्धवट पडून आहे. भाचा रितेश म्हणतो, "मावशी, तयार मिळतो, मोबाइलवर मागव." मिळतो, हे मलाही ठाऊक आहे.

पण एकटीने हात लावायचा नाही, म्हणून काल महिपतरावांच्या घरी गेले, संच पुरा करायला चला म्हणाले. बयाबाई म्हणाल्या, "न्या की त्यांना. न्हायतर आता मला भात शिजवायला शिकवतील." महिपतराव हसले नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला, तरी बशीत सांडला. म्हणाले, "हात ऱ्हायले नाय, बाई. चारशेत घालायचे हात नाय हे. हितं बसून काय करू? म्हून जातो."

मी घरी परतले. उत्तर आज सकाळी सुचलं, ते सर्वांसमक्ष देते.

महिपतराव, यापुढे हात माझे, स्विच तुमच्याकडे. काटा पाहायला स्थिर हात लागत नाहीत, भरवशाचा माणूस लागतो. माझ्या बोटांना तुमची सफाई नाही. तुम्ही रागवाल. रागवा. शुभमला सांगा, बाई वडिलांना हिरावून घेत नाहीत, संच पुरा होईपर्यंत उसने मागताहेत.

संस्थेने मला बोलू दिलं याबद्दल आभार. मानपानात कुणाचं नाव राहिलं असेल, किंवा चारचौघांत बोलू नये ते बोलले असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. माझ्यानंतर महिपतराव बोलणार आहेत. मला त्यांचं उत्तर ऐकायचं आहे, म्हणून मी खाली बसते.